काचेवरचे मेंदू

हेलेवीचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. समोर माझा काळा लांब झगा होता. तो मी आजवर इतक्या परीक्षांना घातलाय की आता माझ्याशिवायही तो विद्यापीठात जाऊन खुर्चीवर बसेल.

"अगं मार्केट्टा, त्याला आठवलं," हेलेवी म्हणाली.

"काय आठवलं?"

"आज परीक्षा आहे ते. सकाळपासून शेपटीवाला कोट चढवून बसलाय. लापशीसुद्धा कोट घालूनच खाल्ली. मी म्हटलं, अरे सांडेल, मग काय तसाच जाशील? तर म्हणतो, आज मी राखणदार आहे, मला उशीर करून चालायचं नाही."

मी इस्त्री उभी करून ठेवली. आज राखणदार मी होते. ओइवा कोक्को निवृत्त झाला आणि त्याची प्राध्यापकाची खुर्ची माझ्याकडे आली, त्याला पुष्कळ वर्षं झाली. हेलेवी त्याची बायको, तिला हे ठाऊक होतं, आणि तिनं ते त्याला सकाळपासून चार वेळा सांगितलंही असणार. पण ज्या माणसाला परवा स्वतःच्याच घरात सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, कुठं आहे ते विचारावं लागलं, त्याला नेमका आजचा दिवस आठवावा, याला काय म्हणायचं?

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता थकवा आला. गेला आठवडाभर मी मनाशी एकच धरून बसले होते, की ओइवा आज घरी राहील. त्याच्या विसरण्यावर माझा भरवसा होता.

आमच्याकडे डॉक्टरेटची परीक्षा गावासमोर होते. सभागृहाचं दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. बाहेरगावाहून प्रश्न विचारायला बोलावलेला प्रतिपक्षी एका बाजूला, परीक्षार्थी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये परीक्षार्थीचा प्राध्यापक. त्यालाच राखणदार म्हणतात. राखणदारानं काही विचारायचं नसतं की उत्तर द्यायचं नसतं. परीक्षा उघडायची, कुणाला बोलू द्यायचं ते ठरवायचं आणि शेवटी परीक्षा मिटवायची, बाकी वेळ पाठ सरळ ठेवून बसायचं. माझी परीक्षा झाली तेव्हा मध्ये ओइवा बसला होता. आजची परीक्षा साइमी रूस्कानेनची होती, आणि तिच्या प्रबंधात असं सिद्ध झालं होतं की ज्या कल्पनेवर ओइवानं आयुष्य काढलं, आणि त्याच्यामागून मी, ती चुकीची होती.

हे ओइवाला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

"रस्ते फार निसरडे झालेत गं," मी हेलेवीला म्हणाले. "बर्फावर पाऊस पडलाय. त्याला घेऊन कुठं..."

"मी काय आज आले का कुओपिओत? बुटांना काटे लावलेत दोघांच्या. तू पुढची जागा ठेव, मागून त्याला ऐकू येत नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि मार्केट्टा, आज त्याच्या औषधावरच आहे ना सगळं? काही लागलं का गं हाताला? म्हणजे, अजूनही मिळण्यासारखं असेल तर त्याला..."

"बघू," मी म्हणाले. "आज कळेलच."

फोन ठेवला आणि बाहीला पुन्हा इस्त्री केली. ती आधीच झाली होती.

ओइवाची कल्पना सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. मेंदूत लहान लहान हार्मोन्स असतात. ती निरोप पोचवतात, आणि काम झालं की एन्झाइम्स त्यांचे तुकडे करून टाकतात, नाहीतर डोक्यात नुसता गोंगाट माजेल. म्हातारपणी ज्यांची आठवण जाते, त्यांच्या मेंदूत यातली काही हार्मोन्स कमी पडतात. बाहेरून हार्मोन देऊन ते मेंदूत पोचवणं महाकठीण. तेव्हा ओइवा म्हणाला, मग तुकडे करणाऱ्यालाच अडवू या. जे आहे ते तरी जास्त वेळ टिकेल. त्यानं एक एन्झाइम निवडलं. आमच्या रसायनवाल्यांनी त्या एन्झाइमच्या तोंडात नेमकं जाऊन बसेल असं औषध तयार केलं. ते उंदरांना दिलं, मेंदू काढून मोजमाप केलं, तर औषध दिलेल्या उंदरांमध्ये हार्मोन जवळजवळ दुप्पट निघालं.

त्या एका फरकावर सगळं उभं राहिलं. ओइवाची प्राध्यापकी, आमचा मजला, माझी नोकरी. एक कंपनी आली, तिनं माणसांवर औषध तपासून पाहिलं, काही झालं नाही, कंपनी गेली. ओइवा म्हणाला, मात्रा कमी पडली. मग दुसरी आली. तिचंही तेच झालं. ओइवा म्हणाला, रोगी फार पुढच्या टप्प्यातले घेतले होते. आम्ही सगळे माना डोलवायचो. उंदरांमधला फरक इतका स्वच्छ होता, की माणसांचंच काहीतरी चुकत असणार असं वाटायचं.

मग साइमी आली. साइमी कॉफी पीत नाही.

यात काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. पण आमच्या देशात कॉफी नको म्हटलं की लोक आधी तब्येत विचारतात आणि मग धर्म. ओइवाच्या प्रयोगशाळेत तर कॉफी हा कायदाच होता. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, हातात जे असेल ते ठेवून सगळ्यांनी लांब टेबलाशी यायचं, प्राध्यापकापासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत. "कॉफी थांबत नाही," असं ओइवा दारादारात उभं राहून सांगायचा. वेलदोड्याचे पाव हेलेवी घरून पाठवायची. त्या टेबलावर आमची भांडणं मिटली, दोन लग्नं जमली, त्यातलं एक तिथंच मोडलं. ओइवाला मी मानते ते जेवढं त्याच्या एन्झाइमसाठी, तेवढंच त्या टेबलासाठी.

कामाची रीत ठरलेली होती. सकाळी उंदीर मारायचे, मेंदू काढायचे, थंड काचेवर ठेवून त्यांचे भाग करायचे. मग कॉफी. कॉफीनंतर ते भाग उकळायचे, म्हणजे त्यातली एन्झाइम्स कायमची निकामी होतात आणि हार्मोन मोजता येतं. मधल्या वेळात मेंदू काचेवर आणि काच बर्फावर. बर्फावर काय होणार आहे? ज्या गावातलं तळं अर्धं वर्ष गोठलेलं असतं, तिथं थंडीत सगळं थांबतं यावर कुणाचाही विश्वास बसतो. आमचाही बसला होता.

साइमीच्या हाती मात्र तो फरक येईना. औषध दिलेले उंदीर आणि न दिलेले, दोघंही सारखेच. मी म्हणाले, तुझा हात बसला नाही अजून. तिनं पुन्हा केलं. मी म्हणाले, औषध जुनं झालं असेल. तिनं नवीन करून घेतलं. एक अख्खा हिवाळा यातच गेला. मग एक दिवस ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मार्केट्टा, तुम्ही सगळे कॉफीला जाता."

"बरं मग?"

"मी जात नाही."

"अगं, ते अख्ख्या इमारतीला माहीत आहे."

"तेवढ्या वेळात मी उकळून मोकळी होते," ती म्हणाली. "तुमचे मेंदू पडून राहतात."

तिनं मग प्रत्येक मेंदूचे दोन भाग केले. अर्धा तिथल्या तिथं उकळला. अर्धा काचेवर ठेवला आणि आम्ही कॉफी पिऊन येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिली. लगेच उकळलेल्या अर्ध्यात काही फरक नव्हता. कॉफीनंतरच्या अर्ध्यात ओइवाचा तो सुंदर फरक जसाच्या तसा हजर.

कारण एकदा कळल्यावर सोपं होतं. जिवंत मेंदूत हे एन्झाइम पेशीच्या आत बसलेलं असतं आणि हार्मोन आपला निरोप पेशीच्या बाहेर देतं. एकाच इमारतीतल्या भाडेकरूंसारखं, जिने वेगळे, गाठ म्हणून पडत नाही. आपण मेंदू कापतो तेव्हा या भिंती फुटतात. मग एन्झाइमला हार्मोन सापडतं आणि ते त्याचे तुकडे करत सुटतं, बर्फावरसुद्धा, सावकाश. ज्या उंदराला औषध दिलेलं असतं, त्याच्या मेंदूत ते उरलेलं असतं आणि तिथं ते एन्झाइमला अडवतं. म्हणजे आमचं औषध काम करत होतं, अगदी चोख करत होतं. फक्त उंदीर मेल्यावर.

तिचे आकडे मी उभ्यानं वाचले आणि मग खाली बसले. राग आला नाही, रडूही आलं नाही. दमल्यासारखं झालं, आणि ते दमणं अजून उतरलेलं नाही.

प्रबंध छपाईला जायच्या आधी मी साइमीला बोलावून घेतलं.

"हे वाक्य," मी बोट ठेवलं. "'पूर्वी दिसलेला फरक मृत्यूनंतर घडलेला आहे.' असं धडधडीत लिहायलाच हवं का? 'काही अंशी मृत्यूनंतर घडलेला असू शकेल,' असं कर ना."

"काही अंशी नाहीये पण."

"ते मलाही कळतं."

"मग?"

"अगं, ओइवा वाचेल."

साइमीनं नाक पुसलं. तिला बारा महिने सर्दी. "तो आता वाचत नाही," ती म्हणाली. "मागं आला होता तेव्हा माझा लेख उलटा धरून बसला होता. मी सुलटा करून दिला, तर मला म्हणतो, तुला तरी कळतं का यातलं काही?"

"पण परीक्षेला आला तर ऐकेल."

"ऐकू दे की. एका उन्हाळ्यात मी इथं काचेची भांडी धूत होते, तेव्हा त्यानंच तुला सांगितलं ना, हिला ठेवून घे म्हणून? त्याच्यापुढं असलं गुळमुळीत वाक्य नेलं असतं तर त्यानं मला त्याच दिवशी परत भांड्यांवर पाठवलं असतं."

"तुला बरं गं बोलायला," मी म्हणाले. "तुझी उमेदीची वर्षं सगळी पुढं आहेत."

वाक्य तसंच राहिलं. मला तिचा रागही आला होता आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. या दोन्हींचं एकत्र काय करायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही, म्हणून मी घरी जाऊन झोपले.

सभागृहात आम्ही तिघं रांगेनं आत गेलो. पुढं साइमी, मग मी, माझ्यामागं प्रतिपक्षी, तुर्कूचा युहानी आल्तियो. लोक उभे राहिले. आल्तियोनं आणि मी आपापल्या काळ्या उंच टोप्या टेबलावर ठेवल्या. मी परीक्षा उघडली आणि बसले. पहिल्या रांगेत ओइवा होता. कोट अंगावर सैल झालेला, दाढी गुळगुळीत, मांडीवर त्याची स्वतःची टोपी. हेलेवीनं छातीशी पर्स धरली होती. त्यानं माझ्याकडं पाहून मान लववली, एका राखणदारानं दुसऱ्याला ओळख द्यावी तशी.

एरवी आम्ही सगळे एकमेकांना तू म्हणतो, प्राध्यापकालाही आणि मंत्र्यालाही. पण त्या सभागृहात तेवढे तास आपण, आदरणीय, माननीय असं चालतं. आल्तियो आणि मी विद्यार्थिदशेत एका तंबूत झोपलो आहोत, पण तिथं तो मला माननीय राखणदार म्हणाला आणि आम्हा दोघांनाही हसू आलं नाही.

आल्तियो माणूस भला, पण प्रश्न विचारायला लागला की दाताच्या डॉक्टरसारखा. त्यानं तिला एन्झाइमच्या रचनेवरून छळलं, आकडेमोडीवरून छळलं, आणि मग पाणी प्यायला, पान उलटलं आणि त्या वाक्यावर आला.

"आदरणीय परीक्षार्थी, आपण इथं म्हणता की पूर्वी दिसलेला फरक मृत्यूनंतर घडलेला आहे. हे फार मोठं विधान आहे. आपण त्यावर ठाम आहात?"

"आदरणीय प्रतिपक्षी, मी ठाम आहे."

"काही अंशीसुद्धा जिवंतपणी घडला नसेल?"

साइमीनं माझ्याकडं पाहिलं नाही, हे तिचे उपकार. "मला जिवंत मेंदूत काहीच फरक सापडला नाही," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं, काच, बर्फ, अर्धा भाग आत्ता आणि अर्धा कॉफीनंतर. आल्तियोनं चष्मा काढला.

"मला सांगायला हवं," तो म्हणाला, "की आमच्या तुर्कूमध्येही कॉफी पितात."

लोक हसले. मी ओइवाकडं बघत होते. सगळा वेळ मी त्याच्याकडंच बघत होते, बिचाऱ्या साइमीकडं कुणी बघत असेल तर ती तिची आई. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. त्याला ऐकू आलं की नाही, कळलं की नाही, काही नाही. त्याच्याशेजारी हेलेवी मात्र पर्सचं बक्कल उघडत होती आणि लावत होती. तिला कळलं होतं.

अखेर आल्तियो उभा राहिला आणि त्यानं प्रबंध स्वीकारावा अशी शिफारस केली. साइमीनं आभार मानले. मग ती रिवाजाप्रमाणे लोकांकडं वळली आणि म्हणाली, "माझ्या प्रबंधाबद्दल ज्या कुणा उपस्थितांना काही म्हणायचं असेल, त्यांनी माननीय राखणदारांकडून बोलण्याची परवानगी घ्यावी."

यावर कुणी बोलत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही कुणाला बोलताना पाहिलं नव्हतं. हे म्हणेपर्यंत बाहेर कॉफीचा वास सुटलेला असतो आणि लोकांचं लक्ष केकवर असतं. मी शेवटचं वाक्य म्हणायला उठले, आणि माझ्याबरोबर ओइवा उठला.

"माननीय राखणदार, मला बोलायचं आहे."

हेलेवीनं त्याच्या कोटाची शेपटी धरली. मी म्हणाले, "प्राध्यापक कोक्को." आणखी काय म्हणणार होते?

"आदरणीय परीक्षार्थी," ओइवा म्हणाला. आवाज अगदी पूर्वीचा, घसा साफ न करता सुरू होणारा. "मेंदू काढल्यापासून उकळेपर्यंत ते किती वेळ बाहेर होते, हे मला समजून घ्यायचं आहे."

 दोन तास याच गोष्टीवर बोलणं झालं होतं.

"आदरणीय प्राध्यापक," साइमी म्हणाली, "अर्धा भाग मी लगेच उकळला. दुसरा अर्धा कॉफी होईपर्यंत काचेवर राहिला."

"आणि फरक?"

"लगेच उकळलेल्या भागात फरक नव्हता. काचेवर राहिलेल्या भागात होता."

 ओइवाचं बोट टोपीच्या कडेवरून फिरत होतं. "म्हणजे औषध काचेवर काम करत होतं," तो म्हणाला. "उंदरात नाही."

"हो."

मी ज्याची इतके दिवस धास्ती घेतली होती ते हे होतं. त्याचा चेहरा उतरला, म्हातारा झाला, आमच्या सगळ्यांच्या देखत. "हे मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "मीही कुणाला विचारलं नाही." आणि तो बसला. हेलेवीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला आता फक्त ते एक वाक्य म्हणायचं होतं, परीक्षा संपली एवढंच. मी तोंड उघडलं आणि ओइवा पुन्हा उठला.

"माननीय राखणदार, मला बोलायचं आहे."

त्याच्या चेहऱ्यावर मघाचं काही उरलं नव्हतं. तो ताजातवाना होता, उत्सुक होता. साइमीनं आता मात्र माझ्याकडं पाहिलं. आल्तियो टेबलाकडं बघत होता. परीक्षा मिटवणं माझ्या हातात होतं आणि मला कुणी नावं ठेवली नसती, उलट सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला असता. मी त्याला वाचवायला बघत होते, कित्येक महिने बघत होते, आणि आत्ता ते एका वाक्यात करता आलं असतं. पण मला त्या वाचवण्याचाच कंटाळा आला होता. आणि त्याचा प्रश्न बरोबर होता. त्या सभागृहात विचारला गेलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

"प्राध्यापक कोक्को," मी म्हणाले.

"आदरणीय परीक्षार्थी, मेंदू काढल्यापासून उकळेपर्यंत ते किती वेळ बाहेर होते, हे मला समजून घ्यायचं आहे."

साइमीनं एक शब्दही गाळला नाही. आदरणीय प्राध्यापकपासून सुरुवात केली, त्याच चालीनं, जणू हे पहिल्यांदाच विचारलं गेलंय. अर्धा लगेच, अर्धा कॉफीनंतर. त्यानं फरक विचारला, तिनं सांगितला. तो पुन्हा त्याच जागी थांबला आणि मी पुन्हा त्याचा चेहरा पडायची वाट बघत राहिले.

"आम्ही कॉफी पीत होतो," ओइवा म्हणाला, आणि हसला. आधी तो, मग आल्तियो, मग सगळे. हेलेवी हसली नाही. तो बसल्यावर मी परीक्षा मिटवली.

बाहेर टेबलावर साइमीच्या आईनं केलेला माशाचा आणि काकडीचा भलाथोरला सँडविच-केक होता. साइमी हातात काळ्या बेरींचा गरम रस घेऊन उभी, लोक तिचे हात दाबत होते. हेलेवी मला खांबाशी गाठून म्हणाली, "म्हणजे ते औषध आता यायचं नाही."

"नाही."

"मला तसं वाटतच होतं. माझं काही नाही गं त्यात. पण सकाळी फोनवर तू मला बघू म्हणालीस."

"हो. म्हणाले."

"तुला तेव्हा माहीत होतं."

"माहीत होतं."

"मला असं करत जाऊ नकोस, मार्केट्टा. घरात एक आहे ज्याला रोज काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागते. मला कुणीतरी सरळ सांगणारं पाहिजे." ती रागानं बोलली नाही. तीही दमलेली होती, माझ्याहून जास्त, आणि मला तिच्यासमोर माझ्या थकव्याची लाज वाटली.

संध्याकाळच्या मेजवानीला ती दोघं थांबणार नव्हती. मी त्यांना पोचवायला खाली कोट अडकवायच्या जागेपर्यंत गेले. हेलेवीनं ओइवाचा जाड कोट धरला, त्यानं एक हात बाहीत घातला आणि मग त्याला काहीतरी आठवलं.

"पोरगी हुशार आहे," तो मला म्हणाला. "पण तिला एक गोष्ट कुणीतरी विचारायला हवी होती. मेंदू उकळेपर्यंत किती वेळ बाहेर होते ते."

"विचारलं की, ओइवा."

"कुणी?"

"तू."

"मी?" त्याला फार बरं वाटलं. तो हेलेवीकडं बघून हसला, ऐकलंस का असं. "मग ठीक आहे. आणि ती काय म्हणाली?"

हेलेवी दुसरी बाही धरून उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

"लगेच उकळलं तर फरक उरत नाही, असं म्हणाली," मी म्हणाले. "मेंदू काचेवर राहिले तरच फरक येतो."

ते त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत मी थांबले. तिसऱ्यांदा तेच मी बघत होते आणि तिसऱ्यांदाही ते सोपं गेलं नाही.

"म्हणजे आपलं चुकलं," ओइवा म्हणाला.

"हो. आपलं चुकलं."

त्यानं मान हलवली. हेलेवीनं त्याचा दुसरा हात बाहीत घातला, बटणं लावली, कानावर लोकरीची टोपी ओढली. तो मुकाट्यानं सगळं करून घेत होता. दाराबाहेर बर्फाचं पाणी वाहत होतं. उद्या सकाळी तो फोन करणार आणि विचारणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, आणि मी त्याला हेच सांगणार होते.

दारातून तो मागं वळला आणि त्यानं मला नीट निरखलं, पूर्वी प्रयोगशाळेत माझ्या मागं येऊन उभा राहायचा तेव्हा बघायचा तसं.

"केवढी दमलेली दिसतेस तू," तो म्हणाला. "असेल ते ठेव हातातलं आणि जा. कॉफी थांबत नाही."

मी वर गेले आणि कॉफी घेतली.